नागपूरहून कारच्या कारखान्यात : अप्रेंटिसशिपला निघण्याआधी

नागपुरात ऑटोमोटिव्ह चौक नावाचं मेट्रो स्टेशन आहे, पण कार बनवणारा कारखाना नाही. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी "मला कार कंपनीत अप्रेंटिसशिप करायची आहे" असं मी घरी सांगितलं, तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "कोणत्या गावात?" मला त्या वेळी राग आला होता. पण पहिला प्रश्न तोच असतो, बाकीचे सगळे त्याच्या मागून येतात.

पुढे मी चाकणच्या पट्ट्यात एका कार कंपनीत वर्षभर अप्रेंटिस होते. आता बुटीबोरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघते. निकाल लागले की ओळखीपाळखीची पोरं-पोरी फोन करतात, "ताई, अप्रेंटिसचं कसं करायचं?" दर वर्षी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून टाकते.

अप्रेंटिस म्हणजे नक्की कोण

आपल्याकडे कारखान्यात शिकाऊ म्हणून गेलेल्या कोणालाही अप्रेंटिस म्हणतात. तसं नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली तुमच्या आणि कंपनीच्या नावाने करार होतो आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदला जातो, तेव्हाच तुम्ही अप्रेंटिस. आयटीआयवाल्यांसाठी आणि दहावी-बारावीनंतर येणाऱ्यांसाठी नॅप्स ही योजना आहे, ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे येते. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी नॅट्स, ती शिक्षण मंत्रालयाकडे. महाराष्ट्रातल्या नॅट्सचं काम मुंबईचं बोट, म्हणजे बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग, बघतं. दोन्हींची पोर्टलं वेगळी, नोंदणी वेगळी. डिप्लोमावाला नॅप्सवर नाव टाकून बसतो आणि "कोणी बोलवतच नाही" म्हणतो, असं मी दोनदा पाहिलंय.

अप्रेंटिससारख्या दिसणाऱ्या आणखी तीन गोष्टी आहेत. पहिली, जीईटी किंवा डीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट किंवा डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी. ही खरी नोकरी असते, पीएफ कापला जातो. मिळत असेल तर डोळे झाकून घ्या आणि हा लेख इथेच सोडा. दुसरी, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. ती राज्य सरकारची, २०२४ साली आली आणि अप्रेंटिस कायद्याखाली येत नाही. तिसरी, कंत्राटदाराचा "ट्रेनी". गणवेश कंपनीचा, कॅन्टीन कंपनीचं, पण तुमचं नाव कंत्राटदाराच्या वहीत. वर्ष संपल्यावर हातात सरकारी प्रमाणपत्र येत नाही. मुलाखतीलाच स्पष्ट विचारा, "करार नॅट्सवर होणार की नॅप्सवर?" उत्तर देताना समोरचा चाचरला तर काय ते समजून घ्या.

आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नाही, शिकाऊ आहे. त्याला पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही आणि वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही. "एक वर्ष काढ, मग परमनंट करतात" असं गल्लीतला दादा सांगेल. काहींना घेतात, पण त्या भरवशावर कर्ज काढून गाडी घेऊ नका.

गाव ठरवा

कारच हवी असेल तर नागपूर सोडावं लागेल. महाराष्ट्रात कार कंपन्या मुख्यतः पुण्याच्या भोवती आहेत: पिंपरीला टाटा, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, तळेगावला ह्युंदाई (तो कारखाना पूर्वी जनरल मोटर्सचा होता). नाशिकला महिंद्रा आहे, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडा आहे. समृद्धी महामार्गामुळे शेंद्रा आणि नाशिक आपल्याला आता पूर्वीइतके लांब वाटत नाहीत. पुण्याला जायला रात्रीच्या गाड्या आहेत, पण दिवाळीत तिकीट मिळणं म्हणजे नशीब. दसरा उलटायच्या कितीतरी आधी परतीचं बुकिंग करा.

पण "कारच हवी" हे खरंच आहे का, हे एकदा स्वतःला विचारा. हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँड आहे. हिंगणा आणि बुटीबोरीत सुटे भाग बनवणारे लहान-मोठे कारखाने आहेत. ट्रॅक्टरमध्ये इंजिन, गिअर, हायड्रॉलिक सगळं असतं, आणि गिअरबॉक्स कसा जुळवतात हे बघायला तर ट्रॅक्टरसारखी जागा नाही. घरचं जेवण, मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत आणि पुढे ऑटो. डिप्लोमानंतर लगेच घराबाहेर पडायची तयारी नसेल, किंवा घरी आजारी माणूस असेल, तर नागपुरातलं वर्ष वाया जात नाही. मी स्वतः पुन्हा निवड करायची झाली तर चाकणच निवडेन, पण माझ्या मामेभावाला मी हिंगणाच सुचवलं होतं. त्याला मशिनिंगची आवड होती. कार कंपनीच्या असेंब्ली लाइनवर तो कंटाळून गेला असता.

डिप्लोमा किंवा पदवीनंतरची नॅट्सची अप्रेंटिसशिप एकदाच करता येते. कुठेतरी घाईत सही करून चार महिन्यांनी पळ काढला तर दुसरी संधी अडकून बसते. याच एका कारणासाठी मी पोरांना गाव ठरवायला महिनाभर घ्या म्हणते.

कागद

दहावी-बारावीच्या, डिप्लोमाच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, तात्पुरतं पदविका प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, लागू असेल तर जातीचा दाखला, आठ-दहा फोटो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते नावावर.

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं आधी. एकाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'आय', दुसऱ्यात 'डबल ई'. पोर्टल आधारवरून नाव उचलतं, कंपनीचा एचआर गुणपत्रिकेशी ताडून बघतो, आणि तुमचा अर्ज मध्येच लटकतो. निकालाची वाट बघत घरी बसला असाल तेव्हाच आधार केंद्रावर जाऊन स्पेलिंग गुणपत्रिकेसारखं करून घ्या. क्रम उलटा असला तर चालतं, अक्षरं वेगळी असली की चालत नाही.

दुसरी अडचण बँक खात्याची. सरकारचा स्टायपेंडचा, म्हणजे विद्यावेतनाचा, वाटा आता थेट खात्यात येतो (यालाच डीबीटी म्हणतात), पण कोणत्या? तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या नव्हे, आधारशी जोडलेल्या. माझ्या एका मैत्रिणीच्या बहिणीचे दोन महिन्यांचे पैसे आलेच नाहीत म्हणून तिने एचआरशी भांडण काढलं. शेवटी कळलं, पैसे वेळेवर आले होते, पण शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या गावच्या बँकेतल्या खात्यात. त्याचं पासबुक आजीच्या ट्रंकेत! बँकेत जाऊन "माझं आधार डीबीटीसाठी कोणत्या खात्याला जोडलेलं आहे?" असं विचारा आणि हवं ते खातं जोडून घ्या.

नोंदणी आणि अर्ज

नॅट्सच्या पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंदणी करा. आधारची पडताळणी होते, शिक्षणाची माहिती भरायची, कागद चढवायचे, आणि मग एक नोंदणी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहा, फोटो काढा, आईलाही पाठवून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी तो मागतात. नोंदणी झाली म्हणजे अर्ज झाला असं नाही. कंपन्यांच्या जागा पोर्टलवर दिसतात, तिथे एकेकीला अर्ज करावा लागतो. शिवाय कंपन्या त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाहिरात देतात, कॉलेजात कॅम्पस घेतात, बोटतर्फे मेळावे होतात. आयटीआयवाल्यांनी श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयच्या सूचना फलकावर नजर ठेवावी. तिथे लागणारी चिठ्ठी कधीकधी पोर्टलच्या आधी लागते.

कोणीही पैसे मागितले की फोन ठेवा. गेटपासचे, गणवेशाचे, "परत मिळणाऱ्या" डिपॉझिटचे, कशाचेही. अप्रेंटिसशिपला उमेदवाराकडून फी घेतली जात नाही.

निवडीच्या दिवशी

लेखी परीक्षा बहुधा सोपी असते: गणित, थोडं तर्क, ब्रँचचं मूलभूत. मुलाखतीत मात्र पोरं साध्या गोष्टींवर आपटतात. माझ्यासमोर मुलाखत घेणाऱ्या सरांनी टेबलावर एक व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, आणि एक नट ठेवला होता. "मोजा." माझ्या आधीचा मुलगा फर्स्ट क्लासवाला, त्याने मोजलं बरोबर, पण लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारल्यावर गप्प. शून्य पूर्णांक शून्य दोन मिलिमीटर, एवढंच उत्तर होतं. जाण्याआधी कॉलेजच्या लॅबमध्ये व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हातात घेऊन अर्धा दिवस घालवा. ड्रॉइंग वाचता येणं, टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या फरकाचा) अर्थ सांगता येणं, पेट्रोल आणि डिझेल इंजिनातला फरक, एवढ्यावर निम्मी मुलाखत निघते.

हिंदी आणि मराठी दोन्ही चालतं. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरून जाऊ नका. "काउन" आणि "नाही बाप्पा" तोंडून गेलं तरी कोणी हसत नाही, हसलंच तर प्रेमाने.

मग वैद्यकीय तपासणी. रंगीत ठिपक्यांच्या गोलात लपलेले आकडे ओळखायला लावतात. वायरिंगचे रंग आणि रंगाच्या छटा ओळखाव्या लागतात, म्हणून ही चाचणी. चष्मा असेल तर नवा नंबर काढून जा.

करार आणि हिशोब

करार पोर्टलवर येतो आणि तुम्हाला तो मान्य करावा लागतो. पोरं मोबाइलवर खाली सरकवून 'मान्य' दाबतात. थांबा. चार गोष्टी बघा: कालावधी, शाखा किंवा ट्रेड, प्रशिक्षणाचं ठिकाण, स्टायपेंड.

२०१९ च्या नियमांप्रमाणे महिन्याचा किमान स्टायपेंड आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीला ९,००० रुपये ठरला होता. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने त्यात ३६ टक्के वाढ करण्याची शिफारस केली, तेव्हा सही करताना लागू असलेला आकडा पोर्टलवर बघून घ्या. नॅट्समध्ये किमान रकमेचा निम्मा वाटा सरकारचा असतो. कंपनी किमानपेक्षा जास्त देऊ शकते, मोठ्या कंपन्या बहुधा देतात. मुलाखतीत सांगितलेला आकडा आणि करारातला आकडा वेगळा दिसला तर विचारा: जेवण आणि बस धरून सांगितलं होतं का?

पुण्याच्या बाजूला खोली घेताना डिपॉझिट, गादी, बादली, पहिल्या महिन्याची खानावळ हे सगळं स्टायपेंड हातात यायच्या आधी द्यावं लागतं. घरून दोन महिन्यांचा खर्च घेऊन निघा. खोली कंपनीच्या गेटजवळ शोधू नका, कंपनीच्या बसच्या थांब्याजवळ शोधा. दुसऱ्या पाळीनंतर मध्यरात्री उतरल्यावर खोली किती पावलांवर आहे, हे मुलींनी तर आधी बघावंच. आणि तर्री-पोहे विसरा. तिकडे पोह्यांवर तर्री मागितली की माणूस तोंडाकडे बघतो.

आत गेल्यावर

कारच्या कारखान्याचे ढोबळ चार भाग असतात. प्रेस शॉपमध्ये पत्र्याचे दार-छप्पर दाबून काढतात. बॉडी शॉपमध्ये ते तुकडे वेल्ड करून सांगाडा उभा करतात. मग पेंट शॉप. शेवटी असेंब्ली, जिथे इंजिन, सीट, काचा, चाकं लागून गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडते. तुम्हाला यातलं एक मिळेल, सगळे नाही. सगळ्या पोरांना असेंब्ली हवी असते, कारण तिथे गाडी गाडीसारखी दिसते. माझं मत विचाराल तर बॉडी शॉप मागा. एका बॉडीत हजारो स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याएवढ्या जागी वितळवून केलेले जोड, असतात, आणि एक स्पॉट समजला की धातू, वीज, दाब, गरम होणं, थंड होणं सगळं समजतं.

मला माझ्या सुपरवायझरने, आम्ही त्यांना काका म्हणायचो, दुसऱ्याच आठवड्यात छिन्नी-हातोडी दिली. "ठोक." दोन पत्र्यांच्या मध्ये, स्पॉटच्या बाजूला छिन्नी घालून ठोकायची. पत्रा वाकला आणि स्पॉट तसाच धरून राहिला तर वेल्ड चांगला. मी ठोकलं आणि टुक्कन सुटला. मला वाटलं माझ्याच हातून मोडला. काकांनी वेल्डिंग गनचं तांब्याचं टोक दाखवलं: सतत दाबून दाबून ते कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरलं होतं. टोक पसरलं की तोच करंट जास्त जागेत वाटला जातो, पत्रा पुरेसा वितळत नाही. टोक तासून नीट केलं, पुढचा स्पॉट छिन्नीला दाद देईना. कॉलेजात रेझिस्टन्स वेल्डिंगवर मी बारा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. त्यातलं काय खरं, ते त्या दिवशी कळलं.

पेंट शॉपची माझी फजितीही सांगते. आम्हाला तिथे फक्त बघायला नेणार होते. दारात तिथल्या ताईंनी विचारलं, "केसांना काय लावलं?" मी म्हटलं, सीरम. "परत जा." बाकीची पोरं आत, मी बाहेर बाकावर. सीरम, डिओ, हॅन्डक्रीम यांत सिलिकॉन असू शकतं. त्याचा अंशही बॉडीवर पडला की ओला रंग तिथून बाजूला सरतो आणि बारीक खड्डा तयार होतो. भट्टीतून आल्यावर तो खड्डा घासून पुन्हा रंगवावा लागतो. पेंट शॉपची ड्यूटी असेल तेव्हा साबण आणि पाणी, बाकी काही नाही.

असेंब्लीत गेलात तर वेगाची सवय लागायला दोन आठवडे लागतात. मी तिथे थोडे दिवस होते, त्या लाइनवर दर ७२ सेकंदांनी गाडी पुढे सरकायची. बोल्ट ठरलेल्या जोराइतका घट्ट झाला की टॉर्क रेंच (तो जोर मोजणारा पाना) 'टक्' करतो, मग त्यावर मार्करने रेघ ओढायची. टक् ऐकल्याशिवाय रेघ ओढायची नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तरी पाळीच्या शेवटच्या तासात हात आधी रेघेकडे जातो. चूक झाली तर अँडनची दोरी ओढा. लाइन थांबेल, चार माणसं तुमच्याकडे बघतील. बघू द्या. दोरी न ओढता पुढे सोडलेली गाडी नंतर शोधून काढतात, आणि मग चौघांवर थांबत नाही.

सेफ्टी शूज पहिल्या आठवड्यात चावतात. जाड मोजे घ्या. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी खोलीवरच ठेवा, ओढणीचा तर प्रश्नच नाही. कामगार नसलात तरी कारखान्यातल्या सुरक्षिततेच्या आणि आरोग्याच्या कायदेशीर तरतुदी तुम्हाला लागू आहेत, आणि कामावर इजा झाली तर भरपाईचाही हक्क आहे. खरचटलं तरी फर्स्ट एडच्या वहीत नोंद करायला लावा, "जाऊ द्या" म्हणू नका.

वही

लॉगबुक भरायला कंपनी सांगतेच. पोरं महिन्याच्या शेवटी एका बसकणीत तीस दिवसांचं लिहितात: "आज असेंब्लीत काम केलं." ती वही नोकरीच्या मुलाखतीत काही कामाची नाही. एक वेगळी दोनशे पानी घ्या. रोज खोलीवर आल्यावर तीन ओळी: आज काय बिघडलं, का बिघडलं, कोणी कसं सुधारलं. बुटीबोरीतल्या माझ्या मुलाखतीत मी स्पॉटच्या टोकाची गोष्ट सांगितली होती, तारखेसकट. कंपनीचं ड्रॉइंग, फोटो, पार्ट नंबर मात्र वहीत नको. मोबाइलने लाइनचा फोटो काढणं तर गेटबाहेर जायचा सरळ रस्ता.

काम शिकवणारं कोणी नसेल, वर्षभर फक्त ट्रॉली ओढायला लावत असतील, तर आधी ट्रेनिंग विभागाशी बोला, लेखी बोला. तिथे काही झालं नाही तर बोटकडे तक्रार करता येते. आणि मध्येच चांगली नोकरी लागली, तर गायब होऊ नका. रीतसर अर्ज देऊन पोर्टलवरचा करार बंद करून घ्या, नाहीतर तो उघडाच राहतो आणि पुढे कुठेतरी आडवा येतो.

शेवटचे पंधरा दिवस

आयटीआयवाल्यांची अखिल भारतीय परीक्षा असते, पास झालं की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र, म्हणजे एनएसी, मिळतं. सरकारी कारखान्यांच्या जाहिरातींत ते मागतात, तेव्हा परीक्षेला दांडी नको. डिप्लोमा-पदवीवाल्यांना बोटचं प्रवीणता प्रमाणपत्र. ते आपोआप येतं असं समजू नका. कंपनीने तुमची हजेरी आणि शेवटचा अहवाल पोर्टलवर भरला की मगच निघतं. शेवटच्या पंधरा दिवसांत एचआरच्या टेबलाशी दोनदा जाऊन "माझा अहवाल भरला का?" विचारा. कंपनीच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र वेगळं मागा, त्यात शॉपचं नाव आणि तारखा लिहून घ्या. ओळखपत्र आणि लॉकरची किल्ली परत केल्याची पोच घ्या. माझी किल्ली घामाच्या मोज्यात राहून नागपूरला आली होती. ती कुरिअरने परत पाठवली आणि पोच मिळाल्यावरच माझे शेवटच्या महिन्याचे पैसे सुटले.